पाच नंबरची जर्सी

२७ ऑगस्ट १९९५, रविवार

हरलो. घरच्या मैदानावर, तीस-अठरा.

डॉक्टरांनी सांगितलंय, राग डोक्यात साठवू नका, रक्तदाब वाढतो, वहीत उतरवा. म्हणून बायकोने, डोरीनने, ही वही आणून दिली. तर घ्या उतरवून: मी ज्या संघाचा कोच आहे, त्याचा डावा विंगर ट्रेव्हर हा ठार गाढव आहे. डाव्या कडेने पळताना बॉल डाव्या काखेत हवा, म्हणजे उजवा हात समोरच्याला ढकलायला मोकळा राहतो. हा बॉल उजव्या काखेत घेऊन पळतो. समोरच्याने नुसती थाप मारली की बॉल गेला. आज दोनदा गेला.

सामन्यानंतर पोरं आंघोळीला गेली आणि होरसने कपड्यांच्या पेटाऱ्यावरचा रेडिओ लावला. बातमी होती पॅरिसहून. पंधरा जणांच्या रग्बीवाल्यांनी, म्हणजे युनियनवाल्यांनी, जाहीर केलं की त्यांच्याकडेही आता पैसे घेऊन खेळता येईल. आणि आमच्यासारख्यांवरची बंदी उठली. आमचा खेळ तेरा जणांचा, आम्ही पैसे घेतो, आणि शंभर वर्षं आम्ही ते उघडपणे घेतो. युनियनवाले घेत नसत. त्यांना फक्त सामन्यानंतर बुटात सापडायचे. पण जो एकदा आमच्याकडे आला तो त्यांच्या लेखी मेला. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, क्लबात पाऊल टाकायचं नाही.

होरस म्हणाला, "ग्विलिम, अभिनंदन. माणसांत आलास बाबा."

सगळे हसले. मीही हसलो.

२८ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी. डोरीनने न्याहारीलाच विचारलं, "आता जाशील का वेल्सला, तुझ्या ब्रिनहेलिगला?"

म्हटलं, गवत कापायचंय. आमच्या अंगणात दोन हात गवत आहे, ते मी दुपारपर्यंत कापलं.

वहीत खरं लिहायचं म्हणे. मग लिहितो. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत बाबा गेले, छातीत खाणीची धूळ भरून. दफन झाल्यावर सगळे गावच्या युनियनवाल्या क्लबात चहाला निघाले, कारण गावात एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा नाही. क्लबाचा कारभारी माझा थोरला भाऊ एम्लिन. बार त्याचा, किल्ल्या त्याच्या, वरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड त्याचं. दारात तोच उभा. त्याच्यामागे हाताची घडी घालून कमिटीचे अध्यक्ष मि. ट्रेहार्न. मी पायरी चढलो तसा एम्लिनने चौकटीवर हात आडवा धरला. डावा हात. त्याची दोन बोटं अर्धीच आहेत, सोळाव्या वर्षी खाणीतल्या डब्याखाली गेली.

"नियम आहे, ग्विलिम," तो म्हणाला.

बापाच्या दफनाच्या दिवशी. मी पायरीवर उभा राहिलो. डोरीनला आत जायला कुणाची ना नव्हती, पण ती माझ्याशेजारी उभी राहिली, नवे बूट चिखलात घालून. थोड्या वेळाने आतून कुणीतरी एका पोरीच्या हाती कपभर चहा पाठवला. चार चमचे साखर, मला लागते तशी. नेस्टावहिनीचं लक्ष सगळीकडे असतं.

सोळा वर्षं झाली. वहिनी दर महिन्याला मनुकांचा पाव करून पाठवते. एम्लिनची एक ओळ नाही.

२९ ऑगस्ट, मंगळवार

सराव. ट्रेव्हरला वीस वेळा डाव्या कडेने पळवला. वीसही वेळा बॉल उजव्या काखेत.

होरस बाजूला पेटाऱ्यावर बसून पाय चोळत होता. तो या क्लबात चाळीस वर्षं कपडे सांभाळतोय. एका गुडघ्याने अधू, जिभेने धडधाकट. म्हणाला, "त्याला कशाला ओरडतोस? तूसुद्धा अकरा वर्षं उजव्याच काखेत घेऊन पळालास. तुझ्या कोचचा घसा बसला."

"मी पुढच्या फळीतला. मला पळायचं नव्हतं, धडकायचं होतं."

"अशी अडेलतट्टू माणसं मी इथे दोनच पाहिली," होरस म्हणाला. "एक तू. दुसरा हा." आणि त्याने पेटाऱ्याचं झाकण उघडलं.

ते झाकण मी तेवीस वर्षं बघतोय. आतल्या बाजूला एका सामन्याची पिवळी पडलेली पत्रिका चिकटवलीय. पाच नंबरसमोर खेळाडूचं नाव आहे 'ए. एन. अदर', म्हणजे कुणी एक. वेल्समधून चाचणीला आलेल्याचं खरं नाव छापत नसत. पसंत पडला तर करारावर सही. नाही पडला तर गुपचूप घरी, तिकडच्या क्लबाला पत्ताही लागत नसे. मीही माझे पहिले दोन सामने मिस्टर अदरच होतो. त्या नावाशेजारी होरसने खडूने लिहून ठेवलंय: 'जर्सी परत नाही.'

"इंग्लंडच्या फुटबॉलवाल्यांनी वर्ल्ड कप जिंकला त्या वर्षीचा हिवाळा," होरसने सुरू केलं. मला हे पाठ आहे, पण ऐकलं. "धुकं इतकं की समोरचा गोलखांब दिसेना. या मिस्टर अदरने दोन ट्राय केले, दोनदा बॉल रेषेपार टेकवला. डाव्या कडेने, बॉल उजव्या काखेत, आणि कुणाला हात लावू दिला नाही. चेअरमन कागद घेऊन त्याच्यामागे धावले. हा आंघोळ करून, भजन गुणगुणत जो गेला तो गेला. माझी जर्सी घेऊन! बारा जर्सी घेऊन मी पुढच्या सामन्याला काय करू?"

"होरस, एकोणतीस वर्षं झाली."

"मग? चोर जुना झाला म्हणून साव होतो का?"

५ सप्टेंबर, मंगळवार

वहिनीचं पार्सल. पाव नेहमीसारखा पेपरात गुंडाळलेला. पेपर आमचाच, हॅल्डरशॉचा साप्ताहिक, क्रीडापान वर. आमच्या जुलैतल्या सराव सामन्याचा वृत्तांत, खाली माझा फोटो, त्यात मी झोपेत असल्यासारखा दिसतोय.

डोरीन म्हणाली, "दोनशे मैलांवर आपल्या गावचा पेपर कसा पोचतो?"

म्हटलं, कुणीतरी बसमध्ये विसरलं असेल. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पावाला लोणी लावायला घेतलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

ब्रिनहेलिग क्लबाचं पत्र! नवा सेक्रेटरी डिलविन रॉसर. शाळेत माझ्या दोन वर्ग खाली होता, नाक गळायचं. अक्षर अजून तसंच. लिहितो की क्लबाची पकड, म्हणजे पळत्याला धरून पाडणं, फार ढिली आहे, मागच्या मोसमात समोरचे सगळीकडून निसटत होते, तेव्हा आपण तेवीस तारखेच्या शनिवारी येऊन एक दिवस पकड शिकवावी आणि नंतर क्लबात जेवायला थांबावं. 'कमिटीने एकमताने ठरवलं आहे.' खाली सह्या. एम्लिनची सही नाही. तो कमिटीत नसतो, कारभारी आहे, पण तरी मी शोधली.

पत्र घड्याळामागे ठेवलं.

९ सप्टेंबर, शनिवार

भांडण. डोरीन म्हणते जा. मी म्हणतो, तेवीस वर्षं मी त्यांना कुष्ठरोगी होतो, आता पकड ढिली झाली म्हणून आठवण झाली काय?

"तुला त्यांचा राग नाहीये," ती म्हणाली. "तुला एकाच माणसाचा राग आहे. आणि रागही नाहीये तो."

"मग काय आहे?"

"वहीत लिही. मला काय विचारतोस?"

बरं. भीती आहे. मी तीनशे बारा सामने खेळलो, चार वेळा नाक मोडलं, एकदा मान. कशाला भ्यालो नाही. पण त्या पायरीवर मी परत चढेन आणि तो हात परत आडवा येईल, याला भितो. बंदी पॅरिसमध्ये उठली. एम्लिनच्या मनातली कुणी उठवली? तो आता त्रेपन्नचा आहे, गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं झालं असं वहिनीने लिहिलं होतं. आम्ही दोघंच उरलोय. या खेपेला त्याने अडवलं तर मग पुढे काही नाही, एवढं मला कळतं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

डोरीनचा हुकूम: एम्लिनबद्दल एक तरी बरं लिही.

बॉल धरायला त्याने शिकवलं. कोळशाच्या राशीमागच्या उतारावर, मी दहा वर्षांचा असताना. त्याच्या डाव्या हाताने पकडता येत नसे, म्हणून तो उजव्या काखेत धरायचा. मला वाटलं तसाच धरायचा असतो. ती खोड जन्माची लागली.

आणखी एक. सहासष्टच्या नोव्हेंबरात तो शर्यतीचा कुत्रा आणतो म्हणून तीन दिवस कुठेतरी गेला आणि कुत्र्याशिवाय परत आला. एक डोळा काळानिळा. म्हणाला, कुत्रा चावरा निघाला. बाबांनी धापा टाकत विचारलं, "डोळ्याला चावला?" आई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात. एम्लिन मात्र हसला नाही. त्या दिवसानंतर बरेच दिवस तो मैदानावरही गेला नाही. कुत्र्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, मला कधी कळलं नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

येतो म्हणून लिहिलं. पाकीट खिशात ठेवून तीन दिवस फिरतोय.

१६ सप्टेंबर, शनिवार

पाकीट खिशात नाही. डोरीन म्हणते, पँट धुवायची होती, म्हणून पोस्टाच्या पेटीत टाकलं.

१९ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी जिंकलो, त्याचं काही वाटलं नाही. सरावात ट्रेव्हरने एकदा बॉल डाव्या काखेत घेतला. नंतर कळलं, उजवा खांदा दुखतोय.

२४ सप्टेंबर, रविवार, सकाळ

सगळं नीट लिहायला हवं. सामना दुपारी आहे, तोवर वेळ आहे.

काल दहाला ब्रिनहेलिगला पोचलो. खाण गेली, राशींवर गवत आलंय. मैदान तेच, उतरतं. मी थेट मैदानावर गेलो, क्लबाच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मागच्या फाटकाने.

बावीस पोरं होती. सगळी एकमेकांना कॉलर धरून थांबवायची, जणू बसमध्ये तिकीट विचारतायत. मी सांगितलं, "खांदा आधी. डोकं मागे. आणि तुमचा गाल त्याच्या ढुंगणाला लागलाच पाहिजे. नाही लागला तर ती पकड नाही, ती ओळख." पहिली पंधरा मिनिटं लाजली. मग लागली एकमेकांना आपटायला. एक जाडा फॉरवर्ड चिखलातून उठून म्हणाला, "मि. प्रॉबर्ट, तुम्हाला इतकी वर्षं का येऊ दिलं नाही?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना विचार." तो म्हणाला, "ते ट्रेहार्न होते. वारले." मग मी त्याला जरा जास्तच जोरात आपटून दाखवलं. तो खूश झाला.

चारला सगळे आत गेले. मी बूट पुसले. परत पुसले. डोरीन म्हणाली, "झाले ते." आम्ही पुढच्या दाराला गेलो. तीच पायरी. दार उघडं होतं आणि दारात एम्लिन उभा होता.

म्हातारा झालाय. केस गेलेत, बाबांसारखा दिसतो. मी पायरीखालीच थांबलो. त्याने हात उचलला, डावा, तोच, आणि दार आणखी मागे सारून धरून ठेवलं.

"आत ये," तो म्हणाला. "सोळा वर्षं झाली, चहा गार झाला."

मी आत गेलो. बस, एवढंच. आत अगदी साधी खोली आहे. गालिचा भिजक्या वासाचा, भिंतीवर संघांचे फोटो. एकाहत्तरच्या फोटोत मी मागच्या रांगेत आहे. मला वाटलं होतं काढून टाकला असेल. डिलविन म्हणाला, ट्रेहार्न गेले त्याच आठवड्यात एम्लिनने तो माळ्यावरून काढून परत लावला. वहिनीने मला मिठी मारली आणि डोरीनला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मटणाचा रस्सा होता, बटाटे, लीकच्या पातीची भाजी. भाषणं झाली. डिलविनचं नाक अजून गळतं.

पांगापांग झाल्यावर एम्लिन ग्लास विसळत होता, मी पुसत होतो. मग तो सहज म्हणाला, "तुमच्याकडे तो होरस आहे ना अजून?"

"आहे. तुला होरस कसा माहीत?"

त्याने ग्लास विसळला. मग म्हणाला, "अजून चिडलाय का माझ्यावर?"

"कशाबद्दल?"

"जर्सीबद्दल."

माझं डोकं फार चालत नाही असं पंच नेहमी म्हणायचे. पण तेव्हा चाललं. धुकं, वर्ल्ड कपचं साल, उजवी काख, भजन. मी ग्लास खाली ठेवला.

"कुत्रा!" मी ओरडलो. "डोळ्याला चावलेला कुत्रा!"

आणि एम्लिनला हसू फुटलं. एकोणतीस वर्षं उशिरा. आम्ही दोघं काउंटर धरून हसलो. वहिनी बाहेर येऊन बघून गेली.

मग त्याने सांगितलं. "कागद समोर होता, पेन हातात होतं. तेवढ्यात मला बाबांची धाप आठवली. म्हटलं, मी गेलो तर त्यांना जिन्यावरून कोण उचलून नेणार? तर मी चेअरमनला म्हणालो, मला नाही जमणार. पण घरी धाकटा आहे, सतराचा, माझ्याहून चांगला. पाच वर्षांनी या."

"सहा वर्षांनी आले."

"हो ना. मला वाटलं विसरले."

म्हणजे मला इंग्लंडच्या उत्तरेत, तेरा जणांच्या खेळात धाडणारा हा. आणि दारात अडवणाराही हाच. मी विचारलं ते. सरळ विचारलं, "मग बाबांच्या दिवशी मला का अडवलंस?"

त्याने हात पुसले. "ट्रेहार्नला वास लागला होता माझ्या त्या तीन दिवसांचा. वर्षानुवर्षं वाट बघत होता. तुला आत घेतलं असतं तर म्हणाला असता, हा एवढा मऊ का? मग चौकशी. मग बार गेला, वरच्या खोल्या गेल्या. नियमबियम काही नाही, ग्विल बाख. मी भ्यालो."

बाख म्हणजे बाळ. हे तो मला मी सतरा वर्षांचा होईपर्यंत म्हणायचा.

"आणि चहा?" मी विचारलं.

"नेस्टाला कुठे ठाऊक तुला चार चमचे लागतात?"

मला राग यायला हवा होता. मी थांबलोही त्याच्यासाठी. पण आला नाही. आला तो नुसता मोठा श्वास, मानेवरून कुणी ओझं उचलल्यासारखा. माझा भाऊ कठोर नव्हता. भ्याला होता. भित्र्या माणसाला मी समजू शकतो, मीच तीन दिवस एक पाकीट खिशात घेऊन फिरलो.

निघताना तो म्हणाला, "तो ट्रेव्हर बॉल चुकीच्या हातात धरतो म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"पेपरात असतं की. दर शुक्रवारी पोस्टाने येतो." मग जरा लाजून, "वाचून झाला की नेस्टाला पाव गुंडाळायला देतो."

गाडीत डोरीन एवढंच म्हणाली, "बसमध्ये विसरलेला, नाही का?"

२४ सप्टेंबर, संध्याकाळ

हरलो. फार फरकाने. नर्सने रक्तदाब बघितला, वर्षातला सगळ्यात चांगला. तिला वाटतंय गोळ्या लागू पडल्या.

१ ऑक्टोबर, रविवार

एम्लिन आणि वहिनी काल बसने आले. दोघांना आमची खोली दिली, आम्ही सोफ्यावर. कंबर धरली आहे.

सामन्याआधी मी एम्लिनला ड्रेसिंग रूममध्ये नेलं. होरसला काही सांगितलं नव्हतं. एम्लिनच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पार्सल होतं. उजव्या काखेत. होरस बूट मोजत होता, त्याने मान वर केली, आधी माणसाकडे पाहिलं, मग काखेकडे, आणि हातातला बूट खाली पडला.

"पाव आहे का?" त्याने विचारलं.

एम्लिनने पेपर सोडला. काळी-पिवळी, गळ्याला दोरी, पाठीवर पाच. कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असणार, कारण अख्ख्या खोलीला वास लागला. होरसने ती उलटसुलट करून पाहिली, शिवणी ताणून पाहिल्या, कोपरावरचं एक भोक शोधून काढलं.

"हे माझं नाही," एम्लिन म्हणाला. "आधीपासून होतं."

"ठाऊक आहे मला," होरस म्हणाला. "मीच रफू करणार होतो."

सामना घासून झाला. एम्लिन माझ्याशेजारी बाकावर बसला. बसला म्हणजे पाच मिनिटं. मग उभा राहून, डाव्या कडेला जाऊन, मुठी आवळून ट्रेव्हरच्या नावाने ओरडायला लागला: "डाव्या काखेत! अरे डाव्या काखेत घे, गाढवा! देवाने दहाही बोटं दिलीयत ना तुला?" ट्रेव्हरने घाबरून घेतला. उजव्या हाताने एकाला ढकलला, दुसऱ्याला ढकलला आणि कोपऱ्यात ट्राय केला. तेवीस वर्षांची माझी आणि चार वर्षांची ट्रेव्हरची मेहनत एका म्हाताऱ्याच्या शिवीने फळाला आली. वीस-अठरा. जिंकलो.

पोरं आंघोळीला गेल्यावर होरसने पेटाऱ्याचं झाकण उघडलं. ओल्या फडक्याने 'जर्सी परत नाही' पुसलं. नीट पुसलं, कोपऱ्यातलासुद्धा खडू काढला. मग कानामागची शिसपेन्सिल काढून त्याने पत्रिकेवरचं 'ए. एन. अदर' आडव्या रेघेने खोडलं आणि एम्लिनकडे वळला.

"बोल. इथे काय लिहू?"

एम्लिनने आधी वळून दाराकडे पाहिलं, कुणी उभं आहे का ते. दारात डोरीन आणि वहिनी होत्या, हातात चहाचे कप. दुसरं कुणी नव्हतं.

मग तो म्हणाला, खोलीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "एम्लिन प्रॉबर्ट. ब्रिनहेलिग."

होरसने पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं.